आवाज गेल्यावर, आईजवळ

माझं नाव दत्तात्रय, घरी दत्तू. मी कामोठ्यात राहतो आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करतो. पूर्वी माझं काम म्हणजे दिवसभर फोनवर बोलणं. गाडी कुठं पोचली, माल कधी उतरणार, ड्रायव्हर फोन का उचलत नाही. मग घशाच्या कॅन्सरमुळे माझी स्वरपेटी काढावी लागली.

ज्यांच्या घरात असं काही नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. उपचारांचं डॉक्टर सांगतीलच. मी सांगणार आहे ते घरातलं आणि हॉस्पिटलातल्या एका छोट्या खोलीतलं. काउन्सेलिंगच्या त्या खोलीत जायला मी अजिबात तयार नव्हतो. तिथं जाऊन शेवटी सगळं छान झालं, असं मात्र नाही. ते आधीच सांगून ठेवतो.

रिपोर्टचा दिवस

काही महिने आवाज बसलेलाच होता. आमच्या ऑफिसाबाहेर सारखे ट्रकचे हॉर्न, पलीकडे लोखंडी पट्ट्या उतरवतानाचा खणखणाट, त्यावर ओरडून बोलायचं. आवाज बसायचाच, असं मी धरून चाललो होतो. हळददूध झालं, ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या. मग एक दिवस वर्षानुवर्षं माझ्याशी बोलणाऱ्या एका ड्रायव्हरने फोनवर विचारलं, "साहेब, तुम्हीच बोलताय ना?" हे मी घरी हसत सांगितलं. वैशाली, माझी बायको, हसली नाही. तिने दुसऱ्याच दिवशी मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी कॅमेरा घालून बघितलं, मग तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर माझ्याऐवजी वैशालीकडे बघून बोलत होते. गाठ मोठी आहे, स्वरपेटी पूर्ण काढावी लागेल, श्वास घ्यायला गळ्यातून कायमचं भोक ठेवतील. मी विचारलं, "मग बोलायचं कसं?"

"त्याचे उपाय आहेत. पण ते नंतर. आधी जीव."

बाहेर आल्यावर वैशाली म्हणाली, "दूध संपलंय." आम्ही दूध घेतलं. गेटवर वॉचमनने नमस्कार केला, मीही केला. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू होत्या, त्यांच्याशी पाणीकपातीबद्दल बोलणं झालं. घरात शिरल्यावर वैशालीने पिशवी ओट्यावर ठेवली आणि ओट्याची कड धरून ती तशीच उभी राहिली. मी मागे जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते सुचेना, आणि तेव्हा तर मला बोलता येत होतं.

नंतर जो भेटेल त्याचा पहिला प्रश्न एकच, "तंबाखू खायचास?" मी आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही, विडी-सिगारेट ओढली नाही. डॉक्टर म्हणाले, काही जणांना तसं काही नसतानाही कॅन्सर होतो. लोकांचा विश्वास बसायचा नाही. ऑपरेशननंतर तर मला खुलासाही करता येईना.

आईला सांगितलं

आमच्या घरी आम्ही चौघं होतो. मी, वैशाली, कॉलेजात शिकणारी आमची मुलगी मृणाल आणि माझी आई. आई पाटणकडची. वडील गेल्यावर माझ्याकडे आली ती इथलीच झाली. काचबिंदूने तिची नजर गेली होती. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. शेवटच्या वर्षांत ती विसरायलाही लागली. सकाळी सांगितलेलं दुपारी आठवायचं नाही. पण माणसांचे आवाज पक्के ठाऊक. त्यातही माझा. मी दार उघडून "आई, आलो गं" म्हटलं की ती पलंगावरून पाय खाली सोडून बसायची, मग मी तिच्याशी बोलत चहा प्यायचो. रोजचं होतं हे.

नातेवाईक म्हणाले, तिला कशाला टेन्शन देता, सांगूच नका. मला ते पटलं नाही. ऑपरेशनला ॲडमिट होण्याआधी एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो.

"आई, माझ्या घशात गाठ झालीय. ऑपरेशन करणार आहेत. त्यानंतर मला बोलता येणार नाही."

"बोलता येनार न्हाई म्हंजी? कवर?"

"कायमचं."

तिने हात पुढं केला, माझा गळा चाचपला, हनुवटी, मिशा चाचपल्या. "मग मला हाक कोन मारनार?"

"मी येऊन तुझा हात धरीन. हात धरला की समजायचं, दत्तू आलाय."

"बरं," ती म्हणाली. "हात धर. मी वळखीन."

दुसऱ्या दिवशी ती हे विसरली. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तेवढीच घाबरली, पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यानंतर मात्र माझा धीर झाला नाही.

हॉस्पिटल

शुद्धीवर आलो तेव्हा मी कुणाला तरी हाक मारायला तोंड उघडलं. ओठ हलले, बाकी काहीच झालं नाही. डॉक्टरांनी सगळं समजावलेलं होतं, मला सगळं माहीत होतं. तरीसुद्धा मी वाट बघत राहिलो, आत्ता आवाज निघेल म्हणून.

वॉर्डातले दिवस एकसारखे असतात. सकाळी सिस्टर नळी घालून गळ्यातला कफ ओढून काढायच्या. ते फार भयानक वाटतं, पण लगेच संपतं. नव्या पेशंटने एवढं लक्षात ठेवावं, ते लगेच संपतं. मग नाकातल्या नळीतून सिरिंजने पातळ पेज, दूध. चव नाही आणि वासही नाही, कारण नाकातून श्वासच जात नाही. खोकला आला की तोंडावर हात जायचा, आणि कफ उडायचा गळ्यातून.

आरशात बघायला मी तयार नव्हतो. एका केरळच्या सिस्टरने स्वतःची छोटी पावडरची डबी उघडून तिचा आरसा माझ्यासमोर धरला आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "अंकल, थोडा थोडा बघा. आज फक्त मान." मी थोडा थोडा बघितला. मिशा ऑपरेशनसाठी काढलेल्या होत्या. गाल आत गेले होते. गळ्यात एक लाल भोक, आणि ते श्वासाबरोबर हलत होतं.

त्याच दिवसांत एक बाई पलंगाजवळ येऊन बसल्या. सुती पंजाबी ड्रेस, डोक्यावर ओढणी. म्हणाल्या, "मी फरहाना. इथं काउन्सेलर आहे. मी उरणची, तुमच्याशी मराठीत बोललं तर चालेल ना?" मी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता या मला धीर धरा म्हणून सांगणार, देव आहे म्हणणार. तसलं काही त्या म्हणाल्या नाहीत. थोडा वेळ बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "घरी गेल्यावर अवघड वाटलं तर या. नाही वाटलं तर चांगलंच आहे."

अवघड वाटेल, हे त्यांना माहीत होतं.

"दत्तू कुठं हाय?"

घरी आलो तो थेट आईच्या पलंगाजवळ गेलो आणि तिचा हात धरला.

तिने हात काढून घेतला. "कोन हाय?"

वैशाली म्हणाली, "आई, हे आलेत. दत्तू आलाय."

"मग बोलत का न्हाई?"

वैशालीने समजावलं. आई ऐकत होती. तिने हात वर करून माझा चेहरा चाचपला. गाल खोल गेलेले, मिशा नाहीत. बोटं गळ्याशी आली, गळ्यावरचं कापड लागलं, त्यामागून श्वासाची गरम फुंकर लागली, आणि तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "थट्टा नगा करू गं म्हातारीची," ती म्हणाली. "दत्तू कुठं हाय? फोन लाव त्याला."

मग हे रोजचं झालं. समजावलं की कधीकधी "व्हय का?" म्हणायची, मला जवळ बसू द्यायची. घटकाभराने पुन्हा, "दत्तू कामावरनं आला न्हाई अजून?" मी तिथंच बसलेलो असायचो.

रेडिएशन सुरू असताना गळ्याला लावून बोलायचं एक मशीन मिळालं. त्यातून आवाज येतो, पण सपाट आणि घरघरता. फार आशेने मी ते लावून म्हटलं, "आई, मी दत्तू." ती दचकली. "वैशाली, मिक्सर बंद कर की. कायबी ऐकाया येईना." मृणालला हसू आलं आणि हसता हसता ती रडत गॅलरीत निघून गेली. ते मशीन मी कपाटात ठेवून दिलं.

माझा जीव वाचला होता. येणारा जाणारा तेच सांगायचा, जीव वाचला ना, बाकीचं काय. मी मान हलवायचो.

खोली

मी फरहाना मॅडमकडे गेलो तो वैशालीने ढकललं म्हणून. मला वाटायचं, काउन्सेलिंग म्हणजे डोकं फिरलेल्यांसाठी, नाहीतर ज्यांच्या घरी विचारणारं कुणी नाही त्यांच्यासाठी. आणि मुख्य म्हणजे ते सगळं बोलण्याचं काम. बिनआवाजाच्या माणसाने तिथं जाऊन करायचं काय?

खोली लहान होती. दोन खुर्च्या, एक पंखा. मी मोबाइलवर टाइप केलं, "तुम्ही मला काय सल्ला देणार?"

"सल्ला नाही देणार," त्या म्हणाल्या. "तुमचं घर तुम्हाला माहीत आहे, मला नाही. इथं येऊन तुम्हाला काय व्हावंसं वाटतं, ते आधी आपण ठरवू."

मी टाइप करायला लागलो. माझी बोटं जाड, टाइप करायला वेळ लागतो. घरी, ऑफिसात, माझे दोन शब्द झाले की समोरचा वाक्य पुरं करून टाकायचा. "पाणी हवंय का? डॉक्टरांकडे जायचंय? झोपायचंय?" प्रेमानेच करायचे सगळे. पण कितीतरी दिवसांत माझं एकही वाक्य मी स्वतः संपवलं नव्हतं. मॅडम गप्प बसून होत्या. मोबाइलकडे वाकून बघत नव्हत्या. माझं चुकलं, मी खोडलं, परत लिहिलं. पंख्याचा आवाज येत होता. शेवटी मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

"आईने मला ओळखावं."

त्यांनी ते सावकाश वाचलं. म्हणाल्या, "दत्तात्रयदादा, हे माझ्या हातात नाही. तुमच्याही नाही. होईल असं मी म्हटलं तर ते खोटं होईल."

मला राग आला. पण बरंही वाटलं. ऑपरेशननंतर माझ्याशी खरं बोललेलं ते पहिलंच माणूस होतं.

पुढच्या खेपांना मी एकटाच जाऊ लागलो. तिथं काय व्हायचं, असं कुणी विचारलं तर सांगणं अवघड आहे. मी टाइप करायचो, त्या वाचायच्या, एखादा प्रश्न विचारायच्या. घरी मी जे लिहू शकत नव्हतो ते तिथं लिहायचो, कारण ते वाचून मॅडमच्या मनाला घरच्यांसारखं लागणार नव्हतं. एकदा मी लिहिलं, "मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो असतो तर सगळ्यांना सोपं झालं असतं. आईसमोर रोज परकं होऊन बसावं लागलं नसतं."

त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यायचे विचार येतात का?"

इतकं स्पष्ट मला कुणी विचारलं नव्हतं. येतात, अशा अर्थाने मी मान हलवली.

त्या घाबरल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "इथलं मी बाहेर सांगत नाही. पण जिवाचा प्रश्न असेल तिथं मी गप्प बसणार नाही. आत्ता डॉक्टरांना सांगावं लागेल, आणि घरी एका माणसाला. कुणाला सांगायचं ते तुम्ही म्हणा." मी वैशालीचं नाव लिहिलं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. वैशालीला मॅडमच्या समोरच सांगितलं. परत येताना रिक्षात तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं, मी कुठं उतरून जाईन असं वाटल्यासारखं.

अशा विचारांत कुणी असेल तर त्याने ते कुणाला तरी सांगावं. डॉक्टर असो, घरचं कुणी असो. सांगितल्याने विचार लगेच जात नाहीत. पण आपण त्यांच्याबरोबर एकटे राहत नाही.

वैशाली

मॅडमनी मग तिलाही बोलावलं. मला वाटलं, माझी काळजी कशी घ्यायची ते सांगतील. तसं काही झालं नाही. त्यांनी तिला विचारलं, "तुमचं कसं चाललंय?"

ती म्हणाली, "माझं काय, मी ठीक आहे." मॅडमनी पुन्हा तेच विचारलं, आणि वैशालीचा बांध फुटला.

"हे थाळीवर चमचा वाजवून मला बोलावतात. मला माहितीय, दुसरा इलाज नाही. पण तो चमचा ऐकला की माझं डोकं फिरतं. मग वाटतं, माणूस इतका आजारी आणि मला राग येतो, मी बाई आहे की कोण? सगळे म्हणतात, नवरा वाचला, नशीबवान आहेस. म्हणून मी रडायचंच नाही. पण मॅडम, मला यांचा आवाज पाहिजे हो. ऑफिसातनं फोन करायचे, भाजी काय आणू विचारायचे, एवढंच. मला तो फोन पाहिजे."

आवाज माझा गेला, असंच मी धरून चाललो होतो. तो तिचाही गेला होता.

त्या दिवशी आम्ही दोघं रडलो. मला रडताना आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात आणि गळ्यातून शिट्टीसारखा श्वास येतो. वैशालीने तो पहिल्यांदा नीट ऐकला. घरी आल्यावर चमचा बंद झाला. बाजारातून तिने लहान मुलांच्या सायकलची टिंग टिंग घंटी आणली. राग यायचा तो तरीही यायचा, पण आता ती तो बोलून दाखवायची.

मोबाइलमधला मी

आई नीट जेवेना झाली. "दत्तू आल्यावर जेवीन," म्हणायची. एके दिवशी मी रेडिएशनहून परत आलो तर आतून माझा आवाज ऐकू आला. माझा, जुना, खणखणीत. "आई, औषध घेतलंस का? जेवून घे. मला उशीर होतोय, येतोच."

आजीला ऐकवायला म्हणून मी ऑफिसातून पाठवायचो ते जुने व्हॉइस मेसेज मृणालने तिच्या मोबाइलमधून शोधून काढले होते. आईचा चेहरा उजळला होता. ती मोबाइलशी बोलत होती, "घेतलं रं बाबा औषध. तू कवा येनार?" आणि मृणाल तिला भात भरवत होती.

मी मोबाइल हिसकावून घेतला. आई "फोन का कट झाला" म्हणत राहिली. मृणाल म्हणाली, "पप्पा, आजी दोन दिवस जेवली नव्हती हो!"

मी मॅडमना लिहिलं, "मी जिवंत आहे. आणि घरात माझा आवाज लावतायत, गेलेल्या माणसाचा लावतात तसा."

त्यांनी मृणालचं चुकलं म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. म्हणाल्या, "आईंना काय पाहिजे आणि तुम्हाला काय पाहिजे, हे दोन्ही वेगवेगळं लिहू शकाल?"

मी लिहिलं. आईला तिचा मुलगा पाहिजे. मला तिने ओळखायला पाहिजे.

"यातलं तुम्ही काय देऊ शकता?"

उत्तर द्यायला मला तो पूर्ण तास लागला आणि पुढचा आठवडाही. पुढच्या खेपेला मी त्यांना सांगितलं की आपण सुरुवातीला जे ठरवलं होतं ते बदलायचंय. आईने मला ओळखावं, हे आता नको. तिने ओळखलं नाही तरी मला तिच्याजवळ बसता यावं, एवढंच.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "हे आपण करू शकतो," त्या म्हणाल्या.

त्यानंतर आईला दुपारचं मी भरवायला लागलो. एका हातात मोबाइल, एका हातात चमचा. पेज गरम असली तर मला फुंकर मारता येत नाही, माझा श्वास तोंडातून जातच नाही. मग ताटलीत पसरून, पुठ्ठ्याने वारा घालून निववायची. आधी मेसेज लावायचा, "आई, जेवून घे." ती तोंड उघडायची. मी चमचा द्यायचो. माझ्याच आवाजाला ती उत्तरं द्यायची आणि मी ऐकायचो.

एका दुपारी ती मोबाइलला म्हणाली, "दत्तू, ह्यो मानूस तूच ठेवलायस का रं? फार गुनाचा हाय. बोलत न्हाई, पर हात लई हळू हाय त्याचा. त्याला नीट बघ हां. जेवाय-खायाला घाल." आणि माझा हात चाचपून मला म्हणाली, "दादा, तुमच्या आईनं पुण्य केलंय."

मी चमचा खाली ठेवला. मग उचलला. पेज अजून उरली होती.

शेवटचे दिवस

आईच्या छातीत कफ झाला. डॉक्टर घरी येऊन बघून गेले, म्हणाले, वय झालंय, हॉस्पिटलात नेऊन नळ्या घालायच्या का ते तुम्ही ठरवा. नळ्या म्हणजे काय ते मला माहीत होतं. आम्ही घरीच ठेवलं.

सकाळचा अर्धा दिवस मी ऑफिसात जायला लागलो होतो, त्याचीही रजा घेतली. मेसेज लावले तरी ती आता उत्तर देत नव्हती, म्हणून लावणं बंद केलं. मी नुसता तिचा हात धरून बसायचो. मनात अजून होतंच, आता तरी ओळखेल. मॅडमना मी तेही लिहून पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, "वाटणारच. वाटू द्या. बसून राहा."

दुपारची वेळ होती. वैशाली स्वयंपाकघरात होती. आईने डोळे उघडले, माझ्या बाजूला मान वळवली आणि हात हळूच दाबला. मी पुढं वाकलो.

"दादा," ती म्हणाली, "लई येळ बसलायसा. आता घरी जावा. तुमची आई वाट बगत असंल."

मी मान हलवली. तिला दिसलं नाही. मी गेलो नाही. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

स्मशानात गुरुजी म्हणाले, आईचं नाव घ्या. मी ओठ हलवले. वैशाली पुढं आली आणि तिने नाव घेतलं.

त्यानंतर

महिनाभर मी मॅडमकडे गेलो नाही. गेलो तेव्हा मोबाइल खिशातून काढलाच नाही. नुसता बसलो. त्याही बसल्या. पुढच्या खेपेलाही तसंच. मग एकदा मी टाइप केलं ते एकच वाक्य, "तिने मला ओळखलं नाही." त्यांनी ते वाचलं. वरून तर बघत असेल, मनातून तिला कळलंच असेल, असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. ते मला बाकी सगळ्यांनी सांगून झालं होतं आणि प्रत्येक वेळी माझी आई मला जास्त लांब गेल्यासारखी वाटली होती. मॅडम म्हणाल्या, "हो. नाही ओळखलं." मग मी खूप रडलो.

नंतर डॉक्टरांनी गळ्यात एक छोटी झडप बसवली. गळ्याचं भोक अंगठ्याने झाकलं की मला बोलता येतं. आवाज जाड आहे, घोगरा आहे, माझा जुना नाही. पण माणसाचा आहे. आईच्या वेळी तो असता तर, हा विचार रोज येतो. मॅडम म्हणाल्या, तो येत राहील. कधी जाईल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, माहीत नाही. मी अजून महिन्यातून एकदा जातो. ऑफिसात शेठनी मला कॉम्प्युटरवर बसवलंय. संध्याकाळी मी वैशालीला फोन करतो, भाजी काय आणू विचारतो. पहिल्यांदा केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मेथी." घरी आलो तर तिचे डोळे सुजलेले होते.

मध्यंतरी फरहाना मॅडमनी विचारलं, ऑपरेशन व्हायच्या पेशंटशी बोलाल का. मी हो म्हटलं. पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये काम करणारा माणूस होता, माझ्याहून लहान. आम्ही त्याच खोलीत बसलो. मी त्याला कफाचं सांगितलं, आंघोळीत भोकात पाणी जाऊ नये म्हणून काय करायचं ते सांगितलं, आरशाचं सांगितलं. आईचंही सांगितलं. तो मन लावून ऐकत होता.

"मग शेवटी कळलं का त्यांना?" त्याने विचारलं.

त्याला काय ऐकायचंय ते मला दिसत होतं. त्याचं ऑपरेशन जवळ आलं होतं.

मी अंगठा गळ्यावर ठेवला. "नाही," म्हणालो.

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मग इथं येऊन तुम्हाला फायदा काय झाला, दादा?"

मी पुन्हा अंगठा ठेवला.

"हे आत्ता तुला सांगता आलं."